देहातील प्रहर

उत्पत्तीच्या पुस्तकातील पहिला अध्याय आपण अनेकदा ऐकला आहे. ईस्टरच्या जागरणविधीतील वाचनांत तो अग्रभागी असतो. तरीही त्यातील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. परमेश्वराने प्रकाश निर्माण केला तेव्हा अंधार नाहीसा केला नाही. त्याने दोहोंना वेगळे केले, दोहोंना नावे दिली आणि दिवसाची मोजणी संध्याकाळपासून सुरू झाली. सूर्य आणि चंद्र चौथ्या दिवशी आले आणि काळाच्या खुणा दाखवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले गेले. पवित्र शास्त्र हे शरीरशास्त्राचे पुस्तक नव्हे आणि तसे ते कोणी वाचूही नये. तथापि रात्रीला तिचे स्वतःचे स्थान आहे, हा विचार आपल्या श्रद्धेत प्रारंभापासून आहे. विज्ञानाला हाच विचार कोणत्या वाटेने गवसला, याचा इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे. हा इतिहास जाणून घेण्याचे कारणही तसेच आहे. आज आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांतून कोणी ना कोणी रात्रपाळीला जात असते, आणि कितीतरी घरांतून कोणी वृद्ध माणूस पहाटे तीन वाजताच जागे होऊन छताकडे पाहत पडलेले असते.

हा इतिहास सुरू होतो तो एका झाडापासून. लाजाळूच्या जातीचे झाड दिवसा पाने उघडते आणि रात्री मिटते, हे सर्वांना ठाऊक होते. सूर्य उगवला म्हणून पाने उघडतात, अशी सर्वांची समजूत होती. १७२९ साली झां-जाक द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने असे झाड काळोखात ठेवले. पाने उघडण्यामिटण्याचा क्रम तेथेही चालूच राहिला. द मेराँ यांना ही गोष्ट प्रसिद्ध करण्याजोगी वाटली नव्हती. मार्शां नावाच्या त्यांच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राने ती पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. त्या छोट्याशा टिपणात एक वाक्य माणसांविषयी आहे. अंथरुणाला खिळलेल्या पुष्कळ आजाऱ्यांनाही दिवस आणि रात्र यांतला फरक जाणवत असतो, त्याच्याशी या झाडाच्या वर्तनाचा काही संबंध असावा, असे त्यात सुचवले आहे. आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघरी जाणाऱ्या कोणाही धर्मगुरूला या निरीक्षणाचा खरेपणा सहज पटेल.

यानंतर शंभर वर्षांनी, १८३२ साली, जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. अखंड उजेडात ठेवलेल्या लाजाळूचा दिवस २४ तासांचा नसून २२ ते २३ तासांचा असतो. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल, परंतु त्यातच सारे मर्म आहे. झाड जर सूर्याचा एखादा गुप्त प्रभाव ओळखून चालत असते, तर त्याचा दिवस बरोबर २४ तासांचा झाला असता. तो तसा नाही, याचा अर्थ झाडाजवळ त्याचे स्वतःचे घड्याळ आहे. ते थोडे पुढे धावते आणि रोजचा सूर्योदय त्याला पुन्हा वेळेवर आणतो. घड्याळ आतले आणि किल्ली बाहेरची, हा या शास्त्राचा पहिला धडा होय.

झाडांचे असे असेल, पण माणसाचे काय? विज्ञानाने हा प्रश्न प्रयोगासाठी हाती घेतला तो विसाव्या शतकात. परंतु त्याच्या कितीतरी आधी काही माणसांनी आपले सारे आयुष्यच दिवस आणि रात्र यांच्या क्रमात बसवून पाहिले होते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, ती या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. हिवाळ्यात मठवासीयांनी रात्रीच्या आठव्या तासाला उठावे, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक रात्र झोप होऊन अन्न पचलेले असेल, असे त्यांनी सांगितले. उन्हाळ्यात रात्र लहान असते म्हणून दुपारच्या जेवणानंतर विश्रांतीची मुभा दिली. सायंप्रार्थना अशा वेळी ठेवावी की जेवताना दिव्याची गरज पडू नये आणि सर्व काही दिवसाउजेडी आटोपावे, असेही त्यांनी बजावले. निद्रापूर्व प्रार्थनेनंतर मौन पाळायचे होते. त्या काळी सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करीत, त्यामुळे हिवाळ्यातला तास आखूड आणि उन्हाळ्यातला लांब असे. सर्व ऋतूंत सारखाच तास मोजणारी यांत्रिक घड्याळे युरोपच्या मनोऱ्यांवर चढली ती तेराव्या-चौदाव्या शतकांत. संत बेनेडिक्ट यांना संप्रेरके ठाऊक नव्हती. त्यांना माणसे ठाऊक होती, आणि थकलेला माणूस प्रार्थना करू शकत नाही हेही ठाऊक होते.

१८७९ साली एडिसन यांनी विजेचा टिकाऊ दिवा तयार केला आणि हजारो वर्षांचा हा क्रम मोडणे सोपे झाले. त्याची झळ कोणाला लागली हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापड गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि पूर्वी सूर्यास्ताबरोबर संपणारा कामगाराचा दिवस रात्रीत शिरला. कामाचे तास इतके वाढले की त्यावरून असंतोष पेटला, चौकशी झाली आणि अखेर १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांचा दिवस १२ तासांवर आणला गेला. पोप तेरावे लिओ यांनी त्याआधीच, १८९१ सालच्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात, श्रमाचे तास कामाचे स्वरूप, स्थळकाळ आणि कामगाराची शक्ती पाहून ठरवावेत असे जगाला सांगितले होते. तरीही एक समजूत सर्वत्र रुजली. शरीर सवयीचे गुलाम आहे, त्याला जसे वळण लावाल तसे ते वळेल, रात्रीचा दिवस केला तरी चार दिवसांत ते शिकेल, अशी ती समजूत होती.

ती समजूत तपासून पाहण्यासाठी १९३८ च्या जून महिन्यात शिकागो विद्यापीठाचे नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतील केंटकी राज्याच्या मॅमथ गुहेत उतरले. तेथे ना सूर्यप्रकाश, ना ऋतुमान, आणि हवेचे तापमान सदैव सुमारे १२ अंश सेल्सियस. या दोघांनी तेथे ३२ दिवस काढले. १९ तास जागायचे आणि ९ तास झोपायचे, असा २८ तासांचा दिवस त्यांनी स्वतःला लावून घेतला. माणसाच्या शरीराचे तापमान दिवसाच्या उत्तरार्धात चढते आणि पहाटेपूर्वी उतरते. ते नव्या दिवसाप्रमाणे बदलते का, हे त्यांना पाहायचे होते. विशीतल्या रिचर्डसनचे शरीर नव्या वेळापत्रकाला रुळले. ४३ वर्षांच्या क्लाइटमन यांचे तापमान मात्र शेवटच्या दिवसापर्यंत २४ तासांनीच चढत-उतरत राहिले. झोपायच्या वेळी जाग आणि जागायच्या वेळी पेंग, अशी त्यांची अवस्था झाली.

पुढचा धाडसी प्रयत्न मिशेल सिफ्र या २३ वर्षांच्या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञाचा. १९६२ साली आल्प्स पर्वतातील एका भुयारात, जमिनीखालच्या हिमनदीवर तंबू ठोकून, घड्याळाविना ते दोन महिने राहिले. जाग आली, जेवण झाले, झोप आली की ते वरच्या सहकाऱ्यांना दूरध्वनीवरून कळवीत. वरच्यांनी त्यांना वेळ सांगायची नाही, अशी अट होती. १४ सप्टेंबरला त्यांना बाहेर काढले, तेव्हा त्यांच्या हिशेबाने ती तारीख २० ऑगस्ट होती. मनाचा हिशेब असा जवळजवळ महिन्याने चुकला, परंतु नोंदी तपासल्या तेव्हा एक आश्चर्य समोर आले. त्यांच्या देहाचा हिशेब चुकला नव्हता. झोप आणि जागेपण यांचा त्यांचा क्रम साधारण साडेचोवीस तासांनी नियमित फिरत होता.

यानंतरचा अध्याय बव्हेरियातील आंडेक्स येथे घडला. तेथे टेकडीवर बेनेडिक्टाइन मठ आहे आणि शतकानुशतके भाविक तेथे यात्रेला येतात. त्याच परिसरात १९६४ साली युर्गेन आशॉफ यांनी जमिनीखाली एक निवासस्थान बांधून घेतले. दुहेरी दारे, जाड भिंती, बाहेरचा आवाज नाही, उजेड नाही. पुढील पाव शतकात ४०० हून अधिक स्वयंसेवकांनी तेथे आठवडेच्या आठवडे काढले. बहुतेकांचा दिवस सुमारे २५ तासांचा भरला. काहींच्या बाबतीत मात्र काही विपरीत घडले. शरीराचे तापमान २५ तासांनी फिरत राहिले, आणि झोपेचा क्रम त्यापासून सुटून ३० तासांच्याही पुढे गेला. एकाच देहात दोन वेगळे दिवस चालू झाले. देहात एक घड्याळ नसून अनेक आहेत आणि त्यांचा मेळ बसलेला असणे हेच स्वास्थ्य होय, हे यातून प्रथमच स्पष्ट दिसले. दिव्याच्या उजेडातही माणसाचे घड्याळ मागे रेटण्याची शक्ती असते, हे पुढे कळले. १९९९ साली अमेरिकेत चार्ल्स झाइसलर यांनी अगदी मंद उजेडात मोजमाप केले, तेव्हा माणसाचा आतला दिवस २४ तास ११ मिनिटांचा निघाला. या तालाला नाव मिळाले होते १९५९ साली. ‘सर्का’ म्हणजे सुमारे आणि ‘दिएस’ म्हणजे दिवस, या दोन लॅटिन शब्दांवरून फ्रान्झ हालबर्ग यांनी ‘सर्केडियन’ हा शब्द घडवला. त्यात ‘सुमारे’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण उरलेली ती मिनिटे रोज सकाळच्या उजेडाने दुरुस्त व्हावी लागतात.

आता प्रश्न उरला तो हे घड्याळ देहात कोठे आहे, हा. मेंदूच्या मध्यभागी पीनियल नावाची वाटाण्याहूनही लहान ग्रंथी आहे. आत्म्याचे मुख्य आसन तेच, असे सतराव्या शतकात देकार्त यांनी म्हटले होते. आमच्या पिढीने हे मत तत्त्वज्ञानाच्या वर्गात अभ्यासले आणि तेथेच बाजूला ठेवले. परंतु १९५८ साली येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी याच ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक वेगळे काढले. अंधार पडला की ते रक्तात वाढते आणि पहाटे ओसरते. रात्र झाली आहे, हा निरोप ते देहाच्या प्रत्येक भागाला पोहोचवते. १९८० साली असे दिसून आले की प्रखर प्रकाशाने हा निरोप मध्येच थांबतो. मुख्य घड्याळ मात्र पीनियलमध्ये नाही. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना छेदतात, त्याच्या लगेच वर पेशींचे दोन इवलेसे पुंजके आहेत. त्यांत साधारण २०,००० पेशी असतात. तेच हे घड्याळ, असे १९७२ साली दोन संशोधक गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. त्याआधीच्या वर्षी, १९७१ मध्ये, रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना फळमाश्यांत या घड्याळाचे जनुक सापडले. त्यात बिघाड झालेल्या एका माशीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ तासांचा आणि तिसरीला दिवसच नाही. हे जनुक पेशीत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या हॉल, रोझबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यांविषयीचा एक शोध येथे सांगितलाच पाहिजे. १९९५ साली असे आढळले की काही पूर्ण अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रकाश पडला की त्यांचे मेलॅटोनिन उतरते. त्यांना काहीच दिसत नव्हते, तरी दिवस उजाडल्याचे त्यांच्या देहाला कळत होते. दृष्टिपटलात पाहण्यासाठी नसलेल्या, केवळ प्रकाश मोजणाऱ्या काही पेशी असतात, हे २००२ पर्यंत सिद्ध झाले. डोळ्याला दृष्टीखेरीज हे दुसरे कामही आहे.

आता या घड्याळाचा आपल्या रोजच्या प्रकृतीशी संबंध पाहू. रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत वाढीचे संप्रेरक सर्वाधिक स्रवते. मुलांची वाढ आणि मोठ्यांच्या देहाची डागडुजी त्याच्या आधाराने होते. रात्रीच्या अखेरीस कॉर्टिसॉल चढू लागते आणि जागे होण्याच्या सुमारास त्याचा कळस होतो. उठून कामाला लागण्याची ती आतली तयारी असते. इन्शुलिनचे काम सकाळी चोख चालते आणि रात्री मंदावते, म्हणून तेच जेवण रात्री उशिरा केले तर रक्तातील साखर अधिक वाढते. यकृतालाही त्याचे स्वतःचे घड्याळ आहे आणि ते जेवणाच्या वेळेवरून लागते. मेंदूचे घड्याळ उजेड पाहते आणि यकृताचे ताट पाहते. दोन्ही निरोप परस्परविरोधी असले की चयापचयाचा मेळ बिघडतो. दिवसाउजेडी जेवून घ्यावे, हा संत बेनेडिक्ट यांचा नियम या शोधानंतर आम्हांला नव्याने कळला.

१९९९ साली शिकागो विद्यापीठात, म्हणजे क्लाइटमन यांच्याच विद्यापीठात, ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री केवळ चार तास झोपू दिले. तेवढ्यात त्यांच्या देहाची साखर पचवण्याची शक्ती घसरली आणि संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढले. असे बदल एरवी वय वाढल्यावर दिसतात. २००९ साली बॉस्टन येथे दहा स्वयंसेवकांना क्लाइटमन यांच्याप्रमाणेच २८ तासांच्या दिवसावर ठेवले गेले. झोप आणि जेवण देहाच्या घड्याळाच्या उलट बाजूला गेले तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला, पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन घटले, आणि काहींच्या रक्तातील साखर जेवणानंतर मधुमेहाच्या उंबरठ्यापर्यंत गेली. यांपैकी कोणीही आजारी नव्हते. चुकली होती ती केवळ वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, आणि फेरतपासणीनंतर २०१९ सालीही, रात्रपाळीच्या कामाची गणना बहुधा कर्करोगास कारण ठरणाऱ्या गोष्टींत केली.

वार्धक्याविषयीही या शास्त्राने एक गैरसमज दूर केला. म्हाताऱ्या माणसांचे घड्याळ जलद चालते म्हणून ती लवकर उठतात, असे मानले जाई. झाइसलर यांच्या १९९९ च्या मोजमापात तरुण आणि वृद्ध यांच्या आतल्या दिवसाची लांबी सारखीच निघाली. घड्याळाची गती वयाने बदलत नाही. त्याचा ठोका क्षीण होतो, गाढ झोप कमी होते, डोळ्याचे भिंग पिवळट होऊन घड्याळाला हवा असलेला निळसर प्रकाश आत कमी पोहोचतो, आणि घरात अडकलेल्या वृद्धाला तर ऊनही क्वचितच मिळते. नेदरलँड्समध्ये १२ निवासगृहांतील १८९ वृद्धांवर झालेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्या निवासगृहांत दिवसभर प्रखर उजेड ठेवला होता, तेथे स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बुद्धीची घसरण किंचित मंदावली आणि मनाची खिन्नता कमी झाली. हा चमत्कार नव्हे आणि रोग बराही झाला नाही. परंतु केवळ उजेडाने एवढे साधले, ही लहान गोष्ट नाही.

आपल्या देशातही या शास्त्राची एक उज्ज्वल परंपरा आहे. मदुराई कामराज विद्यापीठातील प्रा. एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मदुराईजवळच्या एका गुहेतील वटवाघळांचा अभ्यास केला. जेथे उजेड पोहोचत नाही अशा ठिकाणी त्यांनी एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. भोवती मोकळ्या वटवाघळांचा थवा होता. तो रोज संध्याकाळी बाहेर पडे आणि पहाटे परते. पिंजऱ्यातील वटवाघूळ सूर्य न पाहताही त्या थव्याच्या वेळेला धरून राहिले. थव्यापासून वेगळे, एकटे ठेवलेल्या वटवाघळाची वेळ मात्र दिवसेंदिवस ढळत गेली. ज्याला स्वतः उजेड दिसत नाही, त्याला सोबतीच्या जाण्यायेण्यावरून वेळ कळते.

हे वाचताना आम्हांला चर्चच्या घंटेची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशी तीन वेळा आंजेलसची घंटा होई तेव्हा शेतातला माणूस काम थांबवी, चुलीपुढची बाई हात पुसून उभी राही, आणि खाटेवरच्या आजीलाही कळे की दिवस कोठवर आला आहे. ख्रिस्तसभेकडूनही हा मेळ मध्यंतरी सुटला होता. प्रहरप्रार्थनेचे पुस्तक हाती असलेले धर्मगुरू सवडीप्रमाणे प्रहर एकत्र उरकीत, आणि पहाटेची प्रार्थना आदल्या दिवशी दुपारीच म्हणून ठेवीत. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात हे बदलले. प्रत्येक प्रार्थना शक्यतो तिच्या खऱ्या वेळी व्हावी, असे परिषदेने ठरवले. प्रहराला सत्य असते, ते घड्याळ पुढेमागे करून बदलत नाही, असा याचा अर्थ आम्ही करतो.

तेव्हा रात्रपाळी करूच नये, असे म्हणायचे का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या धर्मग्रामांतील मुली परिचारिका म्हणून रात्रभर रुग्णांच्या उशाशी उभ्या असतात. कोणी विमानतळावर आहे, कोणी रेल्वेत, कोणी पोलिसांत, तर कोणी सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकांचे दूरध्वनी घेत बसले आहे. आपण निर्धास्त झोपतो तेव्हा यांच्या देहातील घड्याळांचा मेळ आपल्यासाठी मोडत असतो, आणि त्याची किंमत त्यांच्या रक्तात, यकृतात आणि आयुष्यात नोंदली जाते. एवढे ज्ञान झाल्यावर अज्ञानाची सबब आपल्याला उरत नाही.

या ज्ञानातून काही साधी कर्तव्ये निघतात. रात्रपाळी करून आलेली सून सकाळी दहा वाजता झोपलेली असेल तर तिला आळशी म्हणू नये. तिच्या खोलीला जाड पडदा लावावा आणि तिच्या वाट्याचे काम त्या वेळेपुरते दुसऱ्याने उचलावे. सणाच्या आणि नोव्हेनाच्या दिवसांत आपल्या ध्वनिक्षेपकांची तोंडे कोणाच्या खिडकीकडे आहेत, हे पाहावे. शेजारी अशी कोणी व्यक्ती असेल तर लग्नघरच्या बँडलाही तसे सांगावे. मुलांच्या हातातील दूरध्वनीचा उजेड रात्री वेळीच मिटावा आणि घरचे जेवण शक्य तितके लवकर व्हावे. घरातील वृद्धांची खाट सकाळच्या उन्हाच्या बाजूला, खिडकीपाशी हलवावी. ज्यांना चालवते त्यांना सकाळच्या मिस्साला हात धरून आणावे, म्हणजे वाटेत ऊन लाभेल आणि चार माणसांची सोबतही होईल. आणि कामावर जाणाऱ्या आपल्या भावंडांसाठी एखाद्या रविवारी मिस्साची वेळ बदलावी लागली, तर त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये.